धोंडूला काही झालं नाही

चांद्रवस्तीत वर्षभरात जन्मलेल्या पाच बाळांपैकी चौघं एका महिन्याच्या आतच गेली. उरला तो धोंडू. चंद्रावर घर करायचं आणि पोराचं नाव धोंडू! पण त्याच्या आईची पहिली दोन मुलं पृथ्वीवरच दगावली होती. तिला कोण हसणार?

भाषातज्ज्ञ सुनेत्रा मणेरीकर वस्तीतल्या सहाव्या बाळाला, आपल्या बारा दिवसांच्या भाचीला, खांद्यावर घेऊन डॉक्टर मुल्लांच्या प्रयोगशाळेत शिरली.

"डॉक्टर, हिचंही नाव बदलते. नाममूळशोधक यंत्राने रात्रंदिवस हेच दाखवलंय. मंगोल लोक म्हणतात हुनबिश, म्हणजे 'माणूस नव्हे'. चिनी खेड्यात नाव ठेवतात 'कुत्र्याने टाकलेला'. आपल्याकडे धोंडू, केरू. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषा, आणि युक्ती एकच. मरणाला वाटावं, हे नेण्यासारखं नाही."

"मरणाला मराठी येतं होय?" मुल्ला म्हणाले, पण ते हसले नाहीत. "जंतू आज सापडला. मोठ्यांच्या घशात तो गुपचूप राहतो, त्यांना साधी शिंकही येत नाही. कोवळ्या बाळाला मात्र मारतो. कुणाच्या घशात आहे, ते कळायला आठवडा लागेल. केरू म्हटलं की लोक पोराला जवळ घेत नसतील, म्हणून ती जगत असतील."

"छे! धोंडूला अख्खी वस्ती उचलून फिरते."

"मग इतर चौघांचं झालं आणि त्याचं झालं नाही, असं काय?"

"बारसं. नाव गाजलं तर दृष्ट लागेल म्हणून त्याच्या आईने केलंच नाही. मी गेले तर बाईने मला दारातूनच परतवून लावलं. मला आजही त्याला हात लावू देत नाही."

"तुम्हाला? तुम्ही कशाला गेला होतात?"

"बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचं असतं ना, कुर्रर्र करून. ते आत्याचं काम. सगळ्यांच्या आत्या राहिल्या पृथ्वीवर, म्हणून इथे ते मीच..."

मुल्लांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं.

"हिचं बारसं झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज सकाळी," ती म्हणाली, आणि तिने ओठ गच्च मिटले.

मुल्लांनी मुखपट्टी बांधली आणि बाळ घ्यायला हात पुढे केले. बाळ जागं झालं, आत्याकडे तोंड वळवून रडू लागलं. आणि सुनेत्राला, "रडू नको गं बाई," एवढं म्हणायचीही हिंमत झाली नाही.