पाच तारांचा पाइप

चौऱ्याहत्तर साली ताडकळसला चतुराबाईंच्या गल्लीपर्यंत वीज आली, तेव्हा त्यांची सून पंचफुला बाळंतिणीच्या खोलीत होती. आदल्या वर्षी याच खोलीत, कंदील विझल्यावर, पहिला नातू पाळण्यातच गेला होता. या बाळाच्या बारशाआधी तिथे विजेचा दिवा लागलाच पाहिजे, असे चतुराबाईंनी ठरवले होते. आणि त्यांनी ठरवलेले त्या घरात कधी टळले नव्हते.

पूर्णेहून वायरमन रंगनाथ आला. घर दोनच वर्षांपूर्वी बांधलेले होते. बांधतानाच गवंड्याने सोप्यापासून त्या खोलीपर्यंत भिंतीच्या पोटात लोखंडी पाइप पुरून ठेवला होता. रंगनाथने पाइपाचे तोंड मोजले, तारेची जाडी मोजली, कोळशाने फरशीवर हिशेब मांडला आणि सांगितले, की यात पाच तारा बसतील. दिवा, पंखा आणि पलीकडचे स्वयंपाकघर मिळून आठ लागत होत्या. म्हणजे दुसऱ्या पाइपासाठी भिंत फोडणे आले. घरात ओली बाळंतीण असताना भिंतीवर छिन्नी चालू देणे चतुराबाईंना मान्य नव्हते. त्यांनी पाइपाला डोळा लावून पाहिले.

"पाच घातल्या तरी निम्म्याहून जास्त जागा उरते की."

"ती मोकळीच सोडायची असती, बाई."

"कुणासाठी?"

"हवेसाठी. तारा तापत्यात."

"माझ्या घरात जागा अडवून कुणी बसायचे नाही. हवेनेसुद्धा. आठही घाल."

खोलीत पुरुषाला मज्जाव, म्हणून पलीकडचे टोक धरायला बाळाला न्हाऊ घालणारी धुरपताबाई बसली. पहिल्या पाच तारा घासत, अडखळत गेल्या. सहावी सुळकन गेली. सातवी त्याहून सहज. आठवी तर रंगनाथच्या बोटांतून आपणहून सरकू लागली.

"मावशी, हळू ओढा."

"मी कशाला ओढू?" धुरपताबाई आतून म्हणाली. "माह्या हातात पाचच आल्यात. बाकीच्या कुठं धाडल्या?"

पाइप सरळ होता. त्याला ना जोड, ना फाटा. रंगनाथने उरलेल्या तिन्ही तारा मागे ओढल्या. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोराने, पण खेळवल्यासारखे, ओढले. त्याने हात सोडला. तिन्ही शेपटे आत गेली.

बाळ-बाळंतिणीला घटकाभर स्वयंपाकघरात हलवल्यावर पाचांवरच त्याने खोलीत दिवा लावून दिला, पाइपाच्या तिथल्या तोंडावर लाकडी झाकण आवळले आणि चहा न घेता निघाला. झाकण काढू नका, एवढेच तो उंबऱ्यावर म्हणाला.

बारशाच्या दुपारी पाळणा त्या दिव्याखाली टांगला होता. नाव ठेवून झाले, बायका पंगतीला बसल्या. चतुराबाई खोलीत डोकावल्या. पंचफुलाला गाढ झोप लागली होती. पाळणा संथपणे हलत होता.

"धुरपता, पंखा बसेपर्यंत बाळावर पदराने वारा घाल," दाराआडून धुरपताबाईच झोका देत असेल असे धरून त्या म्हणाल्या.

"मी हिकडं वाढायलेय, बाई," पाठीमागून, पंगतीतून धुरपताबाई म्हणाली.

झाकण जमिनीवर होते. त्याचे स्क्रू शेजारी ओळीने मांडून ठेवलेले होते.

पाळण्याची दोरी पाइपात गेली होती. तोंडापाशी तिच्यात तीन तारा वेणीसारख्या घट्ट गुंफलेल्या होत्या. दोरी ताणत होती, सैल पडत होती, पुन्हा ताणत होती. बाळ झोपेत हसत होते.

चतुराबाईंनी दोरी मुठीत धरली. गेल्या वर्षी पहिल्या नातवाचा पाळणाही याच दोरीने हलत असे.

"सोड," त्या म्हणाल्या.

दोरी सैल पडली. पाळणा थांबला. बाळाचे हसू मावळले, डोळे उघडले. अजून मान न धरणारे ते बाळ भिंतीकडे वळून पाहू लागले.

मग त्यांच्या मुठीतली दोरी हळूहळू ताणली. या वेळी ती सैल पडली नाही.