घरमालकाचा डबा

स्वारगेटच्या मागच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर शर्मिला कांबळेचं चौकशी कार्यालय होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाले जावई पिकायला लागल्यापासून तिला बरे दिवस होते. मुलगा अमेरिकेला जातोय, पण इथे कुठे अडकलेला तर नाही ना, एवढंच विचारायला लोक जिना चढत.

मथुराबाई खळदकर जिना चढल्या त्या वेगळ्याच कामाला.

“मला माझा घरमालक शोधून द्या,” त्या म्हणाल्या.

शर्मिलाचे मदतनीस दिगंबरकाका कोर्टातून निवृत्त झालेले, आणि डोकंही तिथेच ठेवून आलेले. “हरवलेत का?” त्यांनी आस्थेनं विचारलं.

“सापडलाच कुठे अजून? तीन वर्षं त्याच्या घरात राहतेय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. यजमान गेले, कसब्यातल्या खोल्या बिल्डरच्या घशात गेल्या. तेव्हा यज्ञेश्वर नावाच्या एजंटानं गुलटेकडीला तळमजल्यावरचं हे घर दाखवलं. मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर, म्हणून कांदा-लसूण मसाल्याचा धंदा तिथे उभा राहिला. गिऱ्हाइकं दारात येत. कागदावर कसल्याशा कंपनीचं नाव, सही वकिलाची. मालकाचं तोंड कधी दिसलं नाही, पण मिरची भाजल्याच्या ठसक्याचीही कधी तक्रार नाही. देवमाणूस. आणि आता या देवमाणसानं निरोप धाडला होता, घर सोडा.

“उपऱ्या महिन्यात कुणी भाडेकरूला बाहेर काढतं का? मी त्याला या महिन्याचे अनारसे पाठवले हो. अख्खे, जाळीदार. त्याच डब्याबरोबर हा निरोप आला.”

दिगंबरकाका काही विचारायला गेले. शर्मिलानं त्यांना नजरेनंच बसवलं.

“घर गेलं तर धंदा गेला,” मथुराबाई म्हणाल्या. “या वयात नवी गिऱ्हाइकं कुठून आणू? तो मला एकदा समोर दिसू दे, पुढचं मी बोलते. आणि एक. माझ्या जावेच्या कानावर यातलं अवाक्षर जाता कामा नये.”

ही जाऊ म्हणजे सुंदराबाई. तिचा विषय निघाला की मथुराबाईंच्या घशात मिरचीचं बी अडकल्यासारखं व्हायचं. धाकटी असून उंच, मेली. तिचा रोहन हिंजवडीला, दाराशी गाडी, कानात नवी कुडी. एकेकाळी त्याच सुंदरेला किल्ल्या मागायला यांच्यापुढे उभं राहावं लागायचं. आता लग्नकार्यात लोक आधी तिला खुर्ची देतात. तीही राहते भाड्याच्याच घरात, एवढंच त्यातल्या त्यात मथुराबाईंना समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी शर्मिला दिगंबरकाकांना घेऊन गुलटेकडीला आली. भिंतीवर फेटा घातलेल्या म्हाताऱ्याची तसबीर होती. दिगंबरकाकांनी खालचं नाव खणखणीत वाचलं, “कैलासवासी धोंडिबा खळदकर.”

मथुराबाईंनी पदर सावरला. सासऱ्यांचं नाव त्या घरातल्या कुठल्या सुनेनं आजवर उच्चारलं नव्हतं. तसबिरीतले डोळे वटारलेलेच असल्यामुळे पुढेही कुणी उच्चारेल असं नव्हतं.

शर्मिला स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभं राहताना तिला कमरेत वाकावं लागलं.

“हा फार खाली आहे.”

“माझ्यासाठी आहे,” मथुराबाई ताठ झाल्या, तरी तिच्या खांद्याला लागल्या. “मी यायच्या आधीच मालकानं जुना ओटा फोडून खाली घेतला, यज्ञेश्वरानंच सांगितलं. वरच्या बिऱ्हाडात जाऊन बघा, हनुवटी टेकते ओट्याला. जन्मभर पाटावर उभी राहून भाकऱ्या थापल्या मी. घरच्यांना कधी दिसलं नाही, ते परक्यानं ओळखलं. वैशाखात भाच्याचं लग्न झालं ना, तिथे सुंदरेच्या तोंडावर सांगितलं मी हे. तोंड बघण्यासारखं झालं होतं तिचं.”

“जावेला अनारसे पाठवलेत?”

“रीत कशी सोडीन? पाठवले. तुपात हसलेले होते ते.” तुपात पडताच विरघळून पसरला की अनारसा हसला म्हणतात. असे हसलेले अनारसे मथुराबाई आवर्जून बाजूला काढत आणि आवर्जून जावेकडे पोचवत.

मालकाकडून परत आलेल्या डब्यात रीतीप्रमाणे मूठभर साखर होती. दिगंबरकाका झाकण लावायला गेले. बसेना.

“एकसारखे दोन डबे आहेत माझे. त्यातला हा मालकाचा, दुसरा जावेकडेच आहे अजून,” मथुराबाई म्हणाल्या. “यज्ञेश्वरानं आपटला असणार.”

तेवढ्यात यज्ञेश्वर आलाच. मालक बाई का पुरुष, हेही तो सांगेना. डबा आपटला नाही, म्हणाला. निरोप तेवढा त्यानं पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. “‘उपरा महिना सरला की घर मोकळं करायला सांगा.’ शब्दाला शब्द. माझ्या पदरचं काही नाही.”

“तुझ्या पदरी आहेच काय,” मथुराबाई म्हणाल्या.

त्यांचा संशय इम्तियाजवर होता. मार्केट यार्डातला हा मिरचीवाला हल्ली घरं घ्यायला लागला होता. शर्मिलानं मथुराबाईंना बरोबर नेऊन त्याला सरळच विचारलं. पोत्यावर बसल्या बसल्या तो हसला.

“मी मालक असतो तर मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. भावावरून भांडण तरी वाचलं असतं. आणि आता यांना घराबाहेर काढू? आधीच धोंड्याचा महिना, लग्नं नाहीत, मिरचीला उठाव नाही. गिऱ्हाईक कोण घालवतं?”



“आता जावेकडे,” शर्मिला म्हणाली.

“मी सांगितलं होतं...”

“दुसरा डबा आणायचाय ना तुमचा? डब्यासाठी चला.”

सुंदराबाईंच्या घरात टेबलखुर्च्या होत्या, आणि काळ्या दगडाचा चकचकीत ओटा, मथुराबाईंच्या छातीएवढा. त्यांनी तो डोळ्यांनीच मापला आणि तोंड फिरवलं. टेबलावर त्यांचा डबा होता. झाकण वर तिरपं ठेवलेलं.

शर्मिलानं ते दाबून पाहिलं. बसेना. मग तिनं पिशवीतून मालकाकडून आलेला डबा काढला आणि दोन्हींची झाकणं बदलली. टक्, टक्. दोन्ही बसली.



“म्हणजे डबे बदलले?” दिगंबरकाका म्हणाले.

“झाकणं बदलली, काका. एक डबा मालकाकडे गेला होता, दुसरा इथे. झाकणं बदलायची तर दोन्ही डबे एकाच टेबलावर उघडावे लागतात. पण संशय मला आधीच आला होता, यज्ञेश्वरानं निरोप म्हणून दाखवला तेव्हाच. या महिन्याला कुणी अधिक म्हणतं, कुणी मलमास. इम्तियाजभाई म्हणाले तसं सगळं पुणं धोंड्याचा महिना म्हणतं. उपरा महिना मी पहिल्यांदा यांच्या तोंडून ऐकला आणि दुसऱ्यांदा मालकाच्या निरोपात. तसबिरीखालचं नाव तुम्हीच वाचलंत, काका. धोंडिबांच्या सुना धोंड्याचा महिना कसा म्हणतील? त्यांनी घरातल्या घरात दुसरा शब्द केला. तो वापरणाऱ्या दोनच बायका आहेत, आणि दोघी इथे बसल्यात.”

“सासूबाईंनी केला होता शब्द,” मथुराबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“ओटाही तेच सांगतो. उंची न बघता माप कुणाला घेता येत नाही. ज्यानं यांना पाटावर उभं राहून भाकऱ्या थापताना पाहिलंय, त्यानंच तो खाली घेतला. कागदावरची कंपनी रोहनची असणार. हाकलायचं कारण तेवढं मला नीटसं कळलेलं नाही. ते सुंदराबाईच सांगतील.”

मथुराबाईंचे कान तापले. तीन वर्षं. तिच्या छपराखाली.

“हसलीस ना पोटभर?” त्या म्हणाल्या.

“हसायलाच घेतलं होतं घर.” सुंदराबाईंचा आवाज बारीक होता. “म्हटलं, किल्ल्या मागायला लावायच्या ना, आता राहा माझ्या किल्लीत. सांगणार होते. मग ओटा करून घेतला, आणि वाटलं, सांगितलं तर तुम्ही त्याच पावली निघाल. राहून गेलं.”

“आणि आता काढायला निघालीस.”

“काय करू? मालकाला अख्खे अनारसे, जावेला हसलेले. दोन्ही डबे याच टेबलावर उघडायचे मी. खाऊ मीच, आणि जळूही मीच. त्या लग्नात तुम्ही त्या परक्याचं एवढं कौतुक केलंत, जाऊबाई. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक शब्द नाही. वाटलं, त्या मालकाला एकदाचा घालवावा.”

“म्हणजे यांना स्वतःचाच...” दिगंबरकाकांनी सुरुवात केली. शर्मिलानं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

 मथुराबाई उठल्या आणि त्यांनी दोन्ही डबे पिशवीत घातले.

“घर मी सोडत नाही,” त्या म्हणाल्या. “ओट्याची सवय झालीय मला.”

“बरं.”

“यापुढे एकच डबा येईल.”

सुंदराबाईंनी डोळे पुसले. “अख्ख्यांचा?”

मथुराबाई दारात थांबल्या, चपलेत पाय सरकवला.

“मालकीणबाई कशा वागतात, ते बघून ठरवू.”