बत्तिसावा कप्पा

दोन कप्पे हरवले होते.

चेंडू हरवतो, पेन्सिल हरवते, आणि चंद्रावर तर हातातून निसटलेला चमचाही टुणटुण उड्या मारत कुठल्या कुठे जाऊन पडतो. पण जमिनीवर आखलेला कप्पा कसा हरवेल? केतकी उकिडवी बसून, बोट नाचवत तिसऱ्यांदा मोजत होती. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." संपले. आणि भिंतीशी मांडलेली फुलांची तबकं मात्र बत्तीस!

त्याचं असं झालं होतं. चंद्रावरच्या शीतलवाडीत आज संध्याकाळी सात वाजता पहिलंवहिलं कीर्तन होतं. निळकंठबुवा आष्टेकर त्यासाठी खास मंगळवारच्या यानाने पृथ्वीवरून आले होते. कीर्तन म्हटलं की दारात रांगोळी हवी आणि कपाळाला बुक्का हवा. पण शीतलवाडीत या दोन्हींना बंदी. पूड हवेत उडते आणि हवा गाळणाऱ्या जाळ्यांत जाऊन बसते. मग केतकीनेच युक्ती काढली होती. घुमटाच्या गोल जमिनीच्या कडेला सहा खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीपासून बाकीच्या प्रत्येक खुंटीपर्यंत दोरा ताणायचा, आणि दोऱ्यांमध्ये जे कप्पे पडतील त्यांत फुलांच्या पाकळ्या भरायच्या. वाडीत घरं बत्तीस. हरितगृहात (काचेखालच्या बागेत) प्रत्येक घराचा एक वाफा. एका घराचा एक कप्पा. दहा वर्षांच्या केतकीने घरोघर जाऊन शब्द दिला होता, "तुमचा कप्पा ठरला हं काकू!"

आणि तिने काही उगाच शब्द दिला नव्हता. पाटीवर गोल काढून पाहिलं होतं. एक खुंटी असली तर दोराच नाही, म्हणून कप्पा एक. दोन खुंट्यांना दोन. तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. दर वेळी दुप्पट! मग सहाला बत्तीस, हे काय सांगायला हवं? तरी तिने बागेतल्या यंत्रमानवाला विचारलंच होतं.

"गणू, तूच म्हणालास ना बत्तीस?"

"म्हणालो, केतकीताई," गणू म्हणाला. त्याच्या तीन हातांत तीन तबकं होती. "तुम्ही एक, दोन, चार, आठ, सोळा असं सांगितलंत आणि पुढचा आकडा विचारलात. खुंट्या आणि दोरे दाखवले नाहीत. पुन्हा मोजू का? मला कंटाळा येत नाही."

"मला येतो!" केतकी उठली आणि तडक मावशीकडे गेली.

विभामावशी घुमटाला लागूनच्या खोलीत बसली होती. ती वाडीतल्या मुलांना शिकवायची आणि उरलेल्या वेळात पृथ्वीवरच्या एका विद्यापीठासाठी गणितात संशोधन करायची. त्याचा प्रबंध (आपण नवीन काय शोधलं ते मांडणारा मोठा लेख) मान्य झाला की तिला पीएच.डी. ही पदवी मिळणार होती. चार वर्षं झाली, तेही एकाच गणितावर! केतकीला याचं कोडं कधीच उलगडलं नव्हतं. तिने एकदा विचारलंही होतं, "अडलं तर पुस्तकाच्या मागे उत्तर बघत का नाहीस?" तेव्हा मावशी हसून म्हणाली होती, "या पुस्तकाला मागची पानंच नाहीत, बाई. ती मीच लिहायची आहेत."

आज मात्र मावशी हसत नव्हती. समोरच्या पडद्यावर चारच ओळींचं पत्र होतं. पहिली ओळ केतकीने वाचली आणि तिचा पाय दारातच थबकला. 'मी माझे संशोधन थांबवू इच्छिते.'

"सोडून देणार तू?"

"सहा वाजता इनामदार मॅडमशी बोलायचंय. त्यांना सांगणार आणि पत्र पाठवणार." इनामदार मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक (संशोधनाला दिशा दाखवणाऱ्या प्राध्यापिका). "चार वर्षांतली तीन मी एकाच भिंतीवर डोकं आपटतेय गं. बस्स झालं."

ती भिंत कुठली, ते केतकीला थोडंफार ठाऊक होतं. मावशीचं गणित जाळ्यांचं. ठिपके काढायचे आणि रेघांनी जोडायचे, झालं जाळं. एका ठरावीक प्रकारचं कुठलंही जाळं घ्या, त्याचे ठिपके तीनच रंगांत रंगवता येतात आणि जोडलेल्या दोन ठिपक्यांना कधीच सारखा रंग येत नाही, अशी मावशीची अटकळ होती (अटकळ म्हणजे खरं वाटणारं, पण अजून सिद्ध न झालेलं विधान). एकोणीस ठिपक्यांपर्यंतचं एकूणएक जाळं गणूने तपासलं होतं. सगळी रंगली. पण मावशीला हवी होती सिद्धता (ते नेहमीच तसं का होतं, याचं एकही फट नसलेलं कारण). तीच सापडत नव्हती.

आता मावशीची समजूत घालावी की आपले कप्पे शोधावेत? केतकीला काही सुचेना. "मावशी," ती रडवेली होऊन म्हणाली, "माझेही दोन कप्पे हरवलेत."

"काय हरवलंय?" मावशी उठली. पत्रापासून लांब जायला तिला निमित्त हवंच होतं.

जमीन पाहून ती थेट मधोमध गेली. "इथे बघ. या एका जागी किती दोरे एकमेकांवर येतात?"

"तीन."

"ती खुंटी चार बोटं सरकव पाहू."

केतकीने खुंटी सरकवली. तिघांतला एक दोरा बाजूला झाला आणि मधोमध एवढासा, बोराएवढा तिकोनी कप्पा उघडला.

"एकतीस!" केतकी ओरडली. "सापडला! आता एकच राहिला."

मग काय, शोध सुरू झाला. ही खुंटी इकडे सरकव, ती तिकडे सरकव. सात वेळा सगळं हलवून झालं. उत्तर एकतीस, नाहीतर तीस. एवढ्यात निळकंठबुवा आले. चंद्रावर अजून पाय ठरत नसल्याने ते बदकासारखे डुलत, एका हाताने पगडी धरून चालत होते.

"रामकृष्ण हरी! काय चाललंय, मंडळी?"

"बुवा, एक कप्पा सापडत नाहीये."

"मी मोजतो थांब." बुवा वाकून मोजू लागले. "तीस. आणखी एक गेला की गं!"

"बुवा," गणू अदबीने म्हणाला, "एकावर आपण उभे आहात."

बुवा पाय उचलून एवढ्या जोरात हसले की एक हातभर वर उडाले. केतकीला मात्र हसू येईना. "एक, दोन, चार, आठ, सोळा, आणि मग एकतीस? असं कसं होईल? चंद्रावरचं गणित वेगळं असतं का, मावशी?"

"पृथ्वीवरही एकतीसच," गणू म्हणाला. "मी आत्ता चित्र काढून पाहिलं. का, ते मला माहीत नाही."

"मग आपण बघू," मावशी म्हणाली. तिने बाह्या वर केल्या. "सगळे दोरे सोड."

"सगळे?" केतकीने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते.

"सगळे. आणि एकेक करून पुन्हा बांधू. दर दोऱ्याला किती कप्पे वाढतात, तेवढंच बघायचं."

जमीन मोकळी झाली. कप्पा एक. पहिला दोरा ताणला, त्याने जमिनीचे दोन भाग केले. एक वाढला.

"आता हा दोरा पहिल्याला ओलांडून जाईल. काय होतं?"

केतकीने दोऱ्यावर बोट ठेवून हळूहळू पुढे नेलं. "आधी तो या कप्प्यातून जातो, त्याचे दोन केले. मग पहिला दोरा ओलांडला. आता या दुसऱ्या कप्प्यात शिरला, त्याचेही दोन केले. म्हणजे दोन वाढले!"

"कोणालाच ओलांडलं नसतं तर?"

"एकच वाढला असता."

"आणि तीन दोरे, वेगवेगळ्या जागी ओलांडले असते तर?"

केतकी घोटाळली. तिने हवेत बोटाने दोरा काढला, पुसला, पुन्हा काढला. "एक कप्पा सुरुवातीचा... आणि दर ओलांडणीनंतर एक नवा. चार?"

"चार! म्हणजे प्रत्येक दोरा आपला स्वतःचा एक कप्पा आणतो, आणि जितक्या जागी दुसऱ्या दोऱ्याला छेदतो तितके आणखी आणतो. तर एकूण कप्पे म्हणजे आधीची मोकळी जमीन एक, अधिक सगळे दोरे, अधिक सगळे छेद. मघाशी मधोमध तीन दोरे एकाच जागी आले होते, तिथे एक ओलांडणी वाया गेली, म्हणून तीस झाले. आता दोरे किती?"

"सहा खुंट्या, प्रत्येकीपासून पाच. सहा पंचे तीस."

"या टोकाकडून मोजलेला दोरा त्या टोकाकडूनही मोजलास ना?"

"हं... मग निम्मे. पंधरा."

"आता छेद. एका छेदाला दोरे लागतात दोन, त्यांची टोकं चार. म्हणून कुठल्याही चार खुंट्या निवड, त्यांच्यात आडवे-तिडवे दोरे एकदाच छेदतात. सहातून चार खुंट्या किती तऱ्हांनी निवडता येतील?"

केतकीने बोटं मोजायला घेतली. बुवांनीही घेतली, पण दोघंही मधेच अडकले.

"चार निवडायच्या म्हणजे दोन सोडायच्या," मावशीने हळूच पुढे ढकललं.

"आणि दोन-दोनच्या जोड्या... त्या तर दोऱ्यांएवढ्याच! पंधरा!" केतकीचे डोळे मोठे झाले. "एक, अधिक पंधरा, अधिक पंधरा. एकतीस! पण मग पाच खुंट्यांना सोळा कसे?" तिने स्वतःच करून पाहिलं. दोरे दहा. चार निवडायच्या म्हणजे एक सोडायची, त्याच्या पाच तऱ्हा. एक, दहा आणि पाच, सोळा. बरोबर! म्हणजे दुप्पट होण्याचा नियम कधी नव्हताच. पाच पायऱ्या तो नुसता तसा दिसला होता. एवढं छान दिसणारं काही खोटं असू शकतं?

"म्हणजे बत्तिसावा कप्पा हरवला नव्हता," ती म्हणाली. "तो नव्हताच. आणि जो नाहीच, तो मी दुपारपासून शोधतेय!"

मावशीच्या हातातला दोरा सुटला आणि सावकाश तरंगत खाली गेला.

"तू दुपारपासून," ती पुटपुटली. "आणि मी तीन वर्षांपासून."

"म्हणजे?"

"एकोणीस ठिपक्यांपर्यंत सगळी जाळी रंगली, म्हणून ती नेहमीच रंगणार, असं मी धरूनच चालले गं. नेहमी का, एवढंच शोधत बसले. पण पुढे कुठेतरी न रंगणारं एखादं जाळं असलं तर? माझी सिद्धता हरवलेली नसेल. ती नसेलच!"

गणूला आणि केतकीला दोरे बांधायला सोडून ती खोलीकडे धावली, आणि चंद्रावर धावणं म्हणजे जवळजवळ उडणंच. सहाला पाच कमी असताना शेवटची गाठ मारून केतकी तिच्या मागे गेली.

पडद्यावर इनामदार मॅडम आल्या. मावशी एका दमात म्हणाली, "मॅडम, मला वाटतं माझी अटकळ खोटी आहे."

पृथ्वीवर आवाज पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद. केतकी नेहमीसारखी मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. उत्तर आलं नाही. चार, पाच. तिने मावशीची ओढणी घट्ट धरली. सहा, सात.

"हे मला सुचायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "विभा, ते जाळं शोध. एक जरी सापडलं ना, तरी पुरे. ते प्रतिउदाहरण (नियम मोडून दाखवणारं उदाहरण) हाच तुझा प्रबंध. आणि नाही सापडलं, तर का सापडत नाही हे बघताना काहीतरी हाती लागेलच. तू काही सांगणार होतीस म्हणे?"

मावशीने चार ओळींचं पत्र पुसून टाकलं. "नाही मॅडम. तेवढंच."

केतकी पुन्हा गोंधळली. इतकी वर्षं खरं मानलेलं खोटं निघेल म्हणून कुणी इतकं खूष होतं का? पण विचारायला वेळ नव्हता. पाकळ्या भरायच्या होत्या. शेवंती पाटलांची, झेंडू डिसूझांचा, जास्वंद शेखकाकूंची. दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिने सगळ्यांचे कप्पे आधी भरले. एकतीस भरले आणि एक तबक उरलं. निळ्या गोकर्णीचं. ते केतकीच्याच घरचं होतं. ते हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"ते इकडे आण," बुवा म्हणाले. "मघापासून मला घोर लागलाय, मध्यंतरात बुक्क्याऐवजी लावायचं काय? आधी गंधाचं बोट, त्यावर एक निळी पाकळी. घरोघरच्या कपाळावर तुमचं फूल! कप्पा हवाय कशाला?"

सात वाजता टाळ वाजले. पूर्वरंग (कीर्तनातला विचार सांगणारा पहिला भाग) रंगला आणि मध्यंतराच्या भजनात केतकी तबक घेऊन फिरली. गणूच्याही धातूच्या कपाळावर तिने पाकळी चिकटवली. मावशी भिंतीशी बसली होती. टाळ्या वाजवताना तिचे ओठ भलतंच काही पुटपुटत होते, "वीस ठिपके, मग एकवीस..."

"आणि तसं जाळं नसलंच तर?" केतकीने पाकळी लावता लावता विचारलं.

"ठाऊक नाही," मावशी म्हणाली. असं उत्तर देताना इतकं गोड हसलेलं माणूस केतकीने पाहिलं नव्हतं.

बुवा उत्तररंगाला (त्या विचारावरच्या कथेला) उभे राहिले. केतकी गणूशेजारी येऊन बसली. पुढच्या यानाने आणखी घरं येणार होती. म्हणजे पुढच्या वर्षी खुंट्या सात. दोरे एकवीस, हे तिला लगेच जमलं. पण सातातून चार निवडायच्या म्हणजे तीन सोडायच्या, आणि तीन सोडायच्या किती तऱ्हा? दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा गुंता झाला.

"गणू," ती कुजबुजली, "तुझी बोटं दे."

"केतकीताई, उत्तरच सांगू का?"

"खबरदार!" केतकी म्हणाली, आणि त्याचा गार, जड हात मांडीवर घेऊन पहिल्या बोटापासून पुन्हा मोजू लागली.