श्वासाची जागा

"ये गं. उंबरा उंच आहे, पाय जपून टाक."

लग्न होऊन सासरी आले तेव्हा ऐकलेला हा पहिला आवाज. माणसांच्या गर्दीत चेहरा दिसला नव्हता. नुसता आवाज आला, आणि आवाजाच्याही आधी एक श्वास. भरली घागर कमरेवर घेताना बाई घेते तसा, खोल, तयारीचा. त्या थोरल्या जाऊबाई. पुढे इतकी वर्षं त्यांच्या पदराखाली काढली, पण त्या आता बोलणार हे मला शब्दाच्या आधीच कळायचं, मी पाठमोरी असले तरी. "तुला पाठीला डोळे आहेत का गं, धाकटे?" त्या विचारायच्या. डोळे नाहीत, कान आहेत, असं मी म्हणायचे.

कानांवरच माझं पोट आहे. मी डबिंगच्या स्टुडिओत आवाज जुळवते. परक्या सिनेमातल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द बसवायचे. ओठ हलतील तिथे शब्द, आणि शब्दाआधी श्वास. नवखे लोक श्वास कापून टाकतात, कचरा समजून. मग पडद्यावरचा माणूस बोलतो खरा, पण बघणाऱ्याला काहीतरी खुपत राहतं. काय खुपतं ते सांगता येत नाही. म्हणून दर वाक्याआधी श्वासाची जागा सोडायची, हा आमच्या कामातला पहिला धडा.

गेल्या थंडीत जाऊबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांचं शरीर दिवसेंदिवस गादीत बुडत गेलं. एका दुपारी डॉक्टरांनी भावोजींना बाजूला घेऊन नको ते सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी डोळे उघडले. डॉक्टरही चक्रावले. घराला पुन्हा छप्पर आल्यासारखं झालं.

पण घरी आल्यावर त्या खिडकीशी बसून राहायला लागल्या. जेवण चिमणीएवढं. हात गार. अशक्तपणा आहे, भरेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी ते घट्ट धरून ठेवलं. मग एके दिवशी वर्तमानपत्रातून एक रंगीत पत्रक पडलं. डोंगरातल्या बौद्ध मठांची साधनायात्रा, सोबत जाणकार वाटाड्या. जाऊबाईंनी चित्रातल्या पांढऱ्या भिंतींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, मला इथं ने. जन्मात स्वतःसाठी साडीचा रंगसुद्धा न मागितलेली बाई. नाही कोण म्हणणार? भावोजींचे गुडघे चढाला तयार नव्हते. जशी नेतेस तशी परत आण, एवढंच ते मला म्हणाले. मी हो म्हणाले. माझी आई मला आठवतही नाही. 'आई' हा शब्द मी कधी मोठ्याने न उच्चारता जाऊबाईंवरच खर्च केला होता. एकदा त्यांना यमाच्या दारातून परत मिळवलं होतं. आता कुणाला हात लावू देणार नव्हते.

वाटाड्याला सगळे मास्तर म्हणत. पूर्वी खालच्या गावात शाळेवर होते. डोंगरातली भाषा त्यांना येई आणि आपलीही. बोलणं मोजकं, बूट झिजलेले, चाल सावकाश. आमच्या जथ्यात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना शांतता सोसत नसे, मग ते विनोद करत.

पहिला मठ दरीच्या तोंडाशी होता. दगडी अंगण, मधोमध घंटा, लाकडी खांबांना हात लागून लागून आलेली चकाकी. दाराशी एक म्हातारे भिक्षू येणाऱ्याच्या हातावर तांब्याच्या झारीतून पाणी घालत होते. जाऊबाईंनी ओंजळ पुढे केली. झारी तिरपी झाली आणि तशीच राहिली. भिक्षूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर त्यांच्यावरून सरकून माझ्यावर आली, आणि ते काहीतरी बोलले. दोन आखूड स्वर, एक लांबट, आणि शेवटी दाराला अडसर घालावा तसा घशातला ठोका.

मास्तर जरा अडखळले. पायऱ्या गुळगुळीत आहेत म्हणतायत, त्यांनी सांगितलं.

"मग कवळ्या खिशात ठेवा मंडळी," डॉक्टर म्हणाले. "घरंगळल्या तर दरीत शोधायला मी उतरणार नाही."

आम्ही हसलो. पायऱ्या मात्र खरखरीत होत्या. खडबडीत, नव्याने टाकी लावलेला दगड.

आतल्या दालनात तेलाच्या दिव्यांचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. आम्हाला घोंगड्यांवर बसवलं. डोळे मिटा, मास्तर म्हणाले, आणि श्वासाकडे बघा. आत येतो, बाहेर जातो. त्याला ओढू नका, ढकलू नका. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बघावं तसं नुसतं बघा.

माझं लक्ष माझ्या श्वासावर टिकेना. सवयीने ते दुसऱ्यांच्या श्वासावर गेलं. डॉक्टरांच्या नाकात बारीक शिट्टी होती. मागच्या बाईंना कफ होता. मास्तरांचा श्वास लांब, जुन्या दोरासारखा. एकेकाची जागा मी अंधारात बोट ठेवून दाखवू शकले असते. फक्त माझ्या डावीकडे काही नव्हतं.

जाऊबाई उठून गेल्या असाव्यात. मला पाऊल कसं ऐकू आलं नाही? मी डोळे उघडले.

त्या तिथेच होत्या. मांडी घालून, ताठ. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात इतकी माया होती की मला आधी तीच दिसली. बाकीचं नंतर.

कमी हवेची जागा, श्वास उथळ होतो, असं मी स्वतःला समजावलं.

पण दुसऱ्या मठाचा चढ उभा होता. आम्ही सगळे दर वळणाला थांबत होतो. डॉक्टरांचे विनोद संपले होते. जाऊबाई पुढे. आजारातून उठलेली बाई, पायात साधी चप्पल, आणि त्या गात होत्या. खूप वर्षांनी गात होत्या. काम करताना जोडून जोडून म्हणायच्या तसल्या ओळी:

"चढ चढते गं बाई, माझ्या पायाला ना भार,
वाऱ्यानं गं उचलली, रानफुलाची पाकळी."

मला बरं वाटलं. आवाज परत आला, माणूस परत आलं. आपली यात्रा लागू पडली असंही वाटलं. दुसरी ओवी आली, तिसरी आली. मी टेकलेल्या काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझा हात छातीकडे गेला. ओळीला ओळ लागत होती. मध्ये खंड नव्हता. कुठे 'गं' वर थांबून घोटभर हवा घेणं नव्हतं. दोरा सुईतून ओढत राहावं आणि रीळ संपूच नये, तसं ते गाणं डोंगर चढत होतं.

वरच्या मठात एक वृद्ध भिक्षुणी चुलीपाशी चहा ओतत होत्या. जाऊबाईंसमोर पेला धरला, मग मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. बोलल्या. दोन आखूड, एक लांबट, शेवटी ठोका.

चहा गरम आहे तोवर घ्या, मास्तर म्हणाले.

शब्द कळत नसले तरी एक वाक्य दोनदा आलं की मला कळतं. त्याचाच पगार मिळतो मला. मी मास्तरांना गाठलं आणि विचारलं की पायऱ्यांना आणि चहाला यांच्या भाषेत एकच शब्द आहेत का.  नवख्या कानाला सगळं सारखंच वाटतं, असं काहीसं ते पुटपुटले आणि उठून गेले.

घंटांचे आवाज टिपायला मी लहानसा रेकॉर्डर आणला होता. स्टुडिओत असले आवाज कधीही लागतात. दुपारी जेवताना तो जाऊबाईंच्या ताटाशेजारी ठेवला, आणि मग उन्हात भिंतीला टेकून, हेडफोन लावून ऐकलं. चमच्याचा आवाज होता. पदर सरकल्याचा होता. लांब कुठेतरी कुत्रं. माझा श्वास, डॉक्टरांची शिट्टी. मग जाऊबाईंचा आवाज, मीठ दे म्हणणारा. तो थेट शांततेतून उगवत होता. आधी काही नाही, नंतर काही नाही. नवख्या हाताने कापून चिकटवल्यासारखा.

मी परत परत ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. वाऱ्याची बाजू, यंत्राचा कोन, सगळं तपासलं. मग हेडफोन काढले आणि कितीतरी वेळ भिंतीवरच्या मुंग्या बघत बसले.

जाऊबाई जवळ आल्या. "उन्हात डोकं दुखेल तुझं," म्हणाल्या, आणि स्वतःची शाल माझ्या डोक्यावर घातली. शाल अंगावरून काढलेली होती. तिला ऊब नव्हती.

मी विचारलं नाही. खरं सांगते, विचारायचं नव्हतं मला. भावोजींना सांगायचं होतं की जशी नेली तशी आणली.

तिसरा मठ यात्रेचा शेवटचा. तिथले मुख्य भिक्षू आंधळे होते. डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखी. एकेकाने पुढे जायचं, वाकायचं, ते मस्तकावर हात ठेवायचे. डॉक्टरसुद्धा गप्प राहून वाकले. मग जाऊबाई वाकल्या.

आंधळ्या हाताने त्यांचं मस्तक शोधलं नाही. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे आला आणि त्याने माझं मनगट धरलं. उबदार, कोरडी, म्हाताऱ्याची बोटं.

दोन आखूड. एक लांबट. ठोका.

मला म्हणत होते. पहिल्या दिवसापासून सगळे मलाच म्हणत होते.

मास्तरांनी आशीर्वाद म्हणून काहीतरी सांगितलं. मी ते ऐकलंही नाही. बाहेर ओसरीत त्यांची वाट अडवून उभी राहिले.

"मास्तर, आता पायऱ्या नकोत आणि चहा नको."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लोक बूट चढवत होते.

"'मारलेली हाक मागे घे'," ते म्हणाले. "तिघांनीही एवढंच सांगितलं. मी शाळेवर होतो, बाई, इतकं सोपं वाक्य चुकायचो नाही. पण लोक इथे शांतीसाठी येतात. असलं मी कुणाला कसं सांगू?"

त्या तिघांना हे कळणं शक्यच नव्हतं.

कारण ती संध्याकाळ कुणालाच माहीत नव्हती. भावोजी बाहेर बाकावर होते. नर्स नळ्या काढायला आली होती, मला बाहेर जा म्हणत होती. मी गेले नाही. वाकून जाऊबाईंच्या कानाला तोंड लावलं आणि जन्मात पहिल्यांदा 'अहो' सोडून हाक मारली. अगं ए, फिर मागे. फिर म्हणते ना. घसा बसेपर्यंत. मग यंत्राच्या पडद्यावरची सरळ रेघ हलली.

जाऊबाई अंगणाच्या कठड्यावर बसल्या होत्या. स्वच्छ ऊन होतं. दरीतून थंड वारा वर येत होता, पण त्यांच्या पदराचं टोकही हलत नव्हतं.

मी शेजारी बसले.

"सांगितलं मास्तरांनी?"

मी मान हलवली.



"मी बोलणारच नव्हते तुला," त्या म्हणाल्या. "तू एवढी खूश होतीस. घरभर नाचत होतीस. माझ्या ताटात वाढत होतीस."

मी त्यांचा हात धरला.

"त्या दिवशी मी पोचले होते गं, धाकटे. तुझी हाक आली, म्हणून वळले. धावत आले." त्यांनी दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, परक्या घराच्या बंद दारावर ठेवावा तसा. "पण तोवर आतून कडी लागली होती. तेव्हापासून बाहेरच उभी आहे."

खाली गाडीचा भोंगा वाजला. कुणीतरी हसलं.

"फार गार आहे बाहेर."

माझ्या तोंडाशी हाक आली होती. दातांमागे धरून ठेवली.

जाऊबाईंनी घराबाहेर पडताना कधी 'जाते' म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या तरी 'येते'. निघताना 'येते' म्हणावं, हे मलाही त्यांनीच शिकवलं.

त्या माझ्याकडे वळल्या. मी कान लावून बसले. श्वास आला नाही. नुसता शब्द आला.

"जाऊ?"