भरतीची काठी

घाई कसलीच नव्हती. गाडी जुनी, रस्ता नागमोडी, एका बाजूला काळा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मन रमेल तिथे उतरायचं, तंबू ठोकायचा, चहा उकळायचा, असा त्या नवरा-बायकोचा बेत. ती पडदे शिवून द्यायची. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि सवय इतकी अंगवळणी पडलेली की नुसत्या शेजारी बसलेल्या बायकोलाही "आरसा बघ, आरसा!" म्हणून दटावायचा. दटावून झालं की चौकडीच्या रुमालाने स्टिअरिंग पुसायचा. त्या रुमालाची निळी शिवण तिच्याच हातची.

हा किनारा बघायचा हट्ट तिचा. लग्नाआधी तिचा दादा इथेच कुठेतरी गेला होता. दादा आणि हा, दोघे जिवलग मित्र, फिरायला आले आणि परतला एकटा हाच. भरतीचं पाणी झोपलेल्या दादाच्या तंबूवर चढलं, मी गाडीत झोपलो म्हणून वाचलो, असं त्याने रडत रडत सांगितलं. तंबू दादानेच खाली ठोकला होता म्हणे.

म्हणे! अहो, तो दादा किनाऱ्यावर उतरला की पाण्याचा घोटसुद्धा न घेता आधी वाळलेल्या शेवाळाची रेघ शोधायचा. तिथे काठी रोवायचा आणि बजावायचा, "पाणी इथवर येणार. झोपायचं हिच्या वर." काठीच्या टोकाला लाल चिंधी. बहिणीने शिवलेल्या पहिल्यावहिल्या पडद्याची, टाके सगळे वेडेवाकडे, पण त्याला भारी कौतुक. असा माणूस तंबू खाली ठोकेल? हा प्रश्न तिला कायम खुपत आला होता. पण रडणाऱ्या माणसाला विचारणार तरी काय? पुढे तर त्याच्याशीच संसार थाटला.

पहिल्या मुक्कामी ऊन कलताना ती भांडी विसळून वर आली आणि थबकली.

"अहो... ही काठी तुम्ही रोवलीत?"

"कुठली काठी?"

तंबूच्या वरच्या अंगाला, वाळूत. ओलीचिंब. टोकाला लाल चिंधी. तिने टाके बोटांनी चाचपले. वेडेवाकडे. तिचेच.

"आलं असेल वाहून," तो म्हणाला खरा, पण तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने काठी उपटून समुद्रात भिरकावली आणि मुकाट्याने तंबू उचलून पार वर नेला. पहाटे पाणी आलं ते बरोबर काठीच्या खड्ड्यापर्यंत, आणि तिथूनच मागे फिरलं.

दुसऱ्या मुक्कामी ते उंच गवतावर उतरले. तिथे भरतीचं काय काम? तरी काठी होती, तंबूच्या वरच. त्याने ती गुडघ्यावर मोडली, जाळात घातली. लाकूड नुसतं चुरचुरलं, पेटलं नाही. शेवाळाचा कुजका वास मात्र सगळीकडे भरून राहिला. दोघांनी तंबू पुन्हा वर हलवला. सकाळी खालचं गवत काठीच्या जागेपर्यंत आडवं झोपलेलं आणि त्यात शिंपले.

"बास झालं. घरी जायचं," तो म्हणाला. पण कड्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि असं धुकं उतरलं की दुसऱ्यांना शिकवणाऱ्याला रस्ता दिसेना. गाडी थांबवली. तो खाली उतरायलाच तयार नव्हता.

"काचा लाव. सगळ्या लाव."

"तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

तो रुमाल पिळू लागला. मग म्हणाला, "तो लाकडं आणायला गेला होता... मी काठी जरा खाली सरकवली. त्याने आपला तिच्या वर तंबू ठोकला..."

"का?"

"मी त्याला पसंत नव्हतो गं. घरी जाऊन तुला नाही म्हणायला लावणार होता."

"आणि पाणी आलं तेव्हा?"

"हाका मारत होता... मी काच वर केली."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाचे सदरे तिने इस्त्री केले, दादाच्या फोटोसमोर याच्याच खांद्यावर रडली. हात उचलला असता तर तिने गळाच धरला असता.

"बाहेर बघ ना जरा," तो कुजबुजला. "कुठे आहे ती... वर की खाली?"

ती उतरली. समुद्र कड्याच्या तळाशी, खूप खोल घुमत होता. गाडीच्या वरच्या चढावर काठी उभी होती. वारा नव्हता, तरी चिंधी फडफडत होती. तिने काठीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, आताच कुणीतरी हातात धरलेलं असावं तसं.

ती काचेपाशी आली.

"खाली आहे. बरीच खाली. झोपा निवांत."

"नक्की?"

"दादाची शपथ. मला आत गुदमरतंय, मी बाहेर बसते."

पांघरूण घेऊन ती चढावर गेली आणि काठीच्या वर बसली. काही वेळाने धुक्यात पाणी खळखळलं. मग हॉर्न वाजला, वाजतच राहिला. मग तो तिला हाका मारू लागला... तिने पांघरूण कानांवर ओढून घेतलं.

सकाळी धुकं विरलं. रस्ता कोरडा, गवत कोरडं. काठी कुठेच नव्हती. गाडीच्या काचा तशाच बंद, आणि आत टपापर्यंत हिरवट पाणी. काचेला आतून एक तळवा टेकलेला होता. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा खारं पाणी त्यांच्या बुटांवरून वाहत गेलं. त्यांना काही उलगडलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

ती घरी आली. शहर समुद्रापासून लांब, घर वरच्या मजल्यावर. पुन्हा पडदे शिवू लागली. दादाचा हिशेब चुकता झाला, आता निवांत, असं तिने स्वतःला बजावलं आणि झोपही लागू लागली.

एका संध्याकाळी कापडाचं गाठोडं घेऊन ती जिना चढत होती. पायऱ्या ओल्या होत्या. तिच्या दाराच्याही वर, गच्चीकडे जाणाऱ्या पायरीवर, कठड्याच्या फटीत काठी रोवलेली दिसली.

"दादा?" तिने हळूच हाक मारली आणि लाल चिंधी शोधली.

चिंधी नव्हती. टोकाला चौकडीचा रुमाल बांधलेला होता, निळ्या शिवणीचा. त्यातून पाणी ठिबकत होतं.