बंद न पडणारी तार

औदुंबराची सातवी प्रदक्षिणा चालू होती, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी विचारलं, "इंटरनेटसाठी फोन तुमच्याच घरनं आला होता का?"

दीपमालानं मान डोलावली आणि ती चालत राहिली. अकरा पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पानापानांतून तिच्या खांद्यावर उतरत होतं.

"तारेचं पाहिजे का बिनतारी?"

ती गप्प.

"रागावलात का? वेळेच्या आधीच आलोय की मी..."

आतून तिची आई, कमलबाई, बाहेर आली. "अवो, तिचा नेम चाललाय. चार राहिल्यात अजून. बसा, चहा टाकते."

तो पायरीवर बसला. खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात पक्कड, आणि ओठ हलत होते. आठ... नऊ... तिनं चोरून पाहिलं. तो मोजत होता! तिचं पाऊल उगाचच हळू पडलं.

"तुम्ही का मोजत होता?" अकरावी संपताच तिनं विचारलं.

"तुमची मोजणी चुकू नये म्हणून. लक्ष माझ्याकडं होतं ना तुमचं."

तिनं ओढणी सावरली. "नाव काय तुमचं?"

"मार्तंड. भूमचा."

"आजोबांचं नाव दिसतंय."

"व्हय, त्यांचंच. त्यांनी वापरून जुनं केलं, मग मला दिलं."

हसू ओठांतच दाबून तिनं अडचण सांगितली. कळंबच्या पाच मुलींचा त्यांचा ऑनलाइन लढाईच्या खेळाचा संघ. मागच्या सामन्यात ऐन शेवटी दीपमालाचा खेळाडू पडद्यावर गोठला, आणि बाकीच्या चौघी तिच्यापायी हरल्या. येत्या रविवारी पुन्हा तसं झालं तर तिच्या जागी दुसरी मुलगी येणार होती. कर्णधार निकितानं स्पष्टच सांगितलं होतं.

मार्तंड गच्चीवर जाऊन आला. "बिनतारी डबा तासाभरात बसवतो. पण टॉवरच्या आड हे झाड येतंय. वाऱ्यानं फांदी हलली की तुमचा खेळ अडखळणार. फांद्या छाटल्या तर..."

तिनं औदुंबराच्या बुंध्यावर हात ठेवला.

"नाही छाटत," तो घाईनं म्हणाला. "मग तार. झाडाला खिळा न मारता, तुमच्या वाटेत न येता, भिंतीवरून फिरवून आणतो. तीन दिवस लागतील. मग वारं येवो, आभाळ येवो... बटण दाबलं की गोळी सुटली."

"अन् बिनतारी घेतलं तर?"

"आठवड्याला दोन तक्रारी येतील." तो तारेच्या वेटोळ्याशी चाळा करत राहिला. "दर वेळी मलाच यावं लागेल."

"मग कुठलं घेऊ?"

एक पान गिरक्या घेत दोघांच्या मधोमध पडलं.

"खेळासाठी... तारच."

"अन् खेळ सोडून?"

"ते विचारू नका."

तिच्या डोळ्यांपुढं त्या चौघी आल्या. "तार," ती म्हणाली. मग वाकून तिनं ते पडलेलं पान उचललं.

तिन्ही दिवस सकाळी तो बरोबर सातव्या प्रदक्षिणेला यायचा. शिडीवरून तार धरायचा — इथनं नेऊ? ती मान हलवायची. वीतभर वर? ती डोळे मिटून होकार द्यायची.

"एवढं बोलणारं मौन म्या कधी ऐकलं न्हाय," तो पुटपुटायचा. शेवटच्या दिवशी तिनं त्याच्या तळहातावर प्रसादाची खडीसाखर ठेवली. बोटं क्षणभर तिथंच राहिली...

रविवारी खेळ एकदाही अडखळला नाही. त्या जिंकल्या. निकिता म्हणाली, "त्या तारेच्या पाया पडावं बाई."

मग वारं सुटलं. औदुंबर दिवसदिवस सळसळत राहिला, आणि घरातल्या डब्यावरचा हिरवा दिवा तसाच शांत तेवत राहिला. दीपमाला येता-जाता त्याच्याकडं बघायची. एकदा तरी तांबडा हो ना... तार उपटावी, असंही एकदा मनात आलं. पण खोटी तक्रार करून सकाळी झाडाभोवती कुठल्या तोंडानं फिरायचं?

बाराव्या दिवशी तिनं कार्यालयाच्या नंबरवर लिहून पाठवलं : 'तक्रार — बारा दिवस झाले, इंटरनेट एकदाही बंद पडलं नाही.' यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातव्या प्रदक्षिणेला फाटक वाजलं.

"कार्यालयात सगळे हसतायत माझ्यावर," मार्तंड म्हणाला. "ही असली तक्रार दुरुस्त कशी करायची?"

ती बोलू शकत नव्हती. नुसती लाजली आणि चालत राहिली. त्यानं चपला काढल्या, आणि दोन हात अंतर ठेवून तिच्या मागं चालू लागला. आठ... नऊ... दहा... अकरा.

ती थांबली, वळली. तो थांबला नाही. सात बोटं दाखवून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या सात राहिल्या होत्या.

दीपमाला पायरीवर बसली. त्याच्याच जागेवर.

"मग ऐका," ती हळूच म्हणाली. "मध्ये बोलता यायचं नाही तुम्हाला, म्हणून आत्ताच सांगते... तक्रार तारेची नाहीच. तुम्ही येत नाही, ही आहे."

मार्तंडचं पाऊल हळू पडलं. चालता चालता त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि डोळे मिटून होकार दिला.

अजून सहा बाकी होत्या. ती मोजत राहिली.