तळघरातला हात

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. ऊर्मिला माझी सख्खी मावसबहीण. तिच्या गालांवर उमटलेली बोटं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

१८ नोव्हेंबर २०२३. शनिवार, दुपारचे तीन.

ऊर्मिला जर्मनीतल्या येना शहराच्या विद्यापीठात भूगोलात पीएचडी करते. विषय, जर्मनी आणि चेकियाच्या सीमेवरच्या एर्त्सगेबिर्गे डोंगरातली उजाड गावं. चारशे वर्षांपूर्वीच्या युद्धात तिथल्या खिंडींतून फौजा उतरायच्या, वाटेतली गावं कापत जायच्या.

त्या दिवशी मदतीला नवरा होता, कपिल.

गावाचं नाव तिने मला लिहू दिलं नाही. जंगलात त्याचं एक दगडी तळघर तेवढं उरलंय. ऊर्मिला टेप घेऊन आत उतरली. कपिल वर वही धरून बर्फात उभा.

"दोन मीटर चाळीस. लिहिलंस?"

"हो, हो, लिहिलं. लवकर ये गं, गारठलोय."

मग पक्षी गप्प झाले...

वारा पडला...

आणि जमीन थरथरू लागली. घोडे. पुष्कळ घोडे.

"हॅलो? कोण आहे?" कपिल ओरडला.

काड्‌कन आवाज झाला. ओली फांदी मोडावी तसा.

"ऊर्मिलाऽऽ!"

ती ओरडणार, तोच...

मागून एक हात तिच्या तोंडावर बसला.

बाईचा हात. बर्फासारखा गार.

कानाशी कुणीतरी म्हणालं, "श्शऽऽ..."

दगडांच्या फटीतून तिला कपिल दिसत होता. तो बर्फावरून फरफटत चालला होता. ओढणारं कुणी नव्हतं. तोंडावर घाव बसत होते, रक्त उडत होतं. मारणारं कुणी नव्हतं.

"ऊर्मिला! ये ना गं!"

हात आवळत गेला. आता नाकही दाबलं गेलं. तिने लाथा झाडल्या, ओरबाडलं. शेवटी जीव एकवटून कडकडून चावली.

तोंडात ओल्या मातीची चव... हात सुटला.

ती बाहेर धावली तेव्हा टापांचा आवाज थांबला होता. कपिलचा हात दोन जागी मोडलेला, जबडा फुटलेला. पण जिवंत होता.

बर्फात फक्त त्या दोघांच्याच बुटांचे ठसे होते.

मदतीला आलेल्या म्हाताऱ्या वनरक्षकाने तिचे गाल पाहिले.

"फौज आली की बायका-मुलं त्या तळघरात लपायची, असं माझी आजी सांगायची. एकदा एक तान्हं बाळ रडायला लागलं. आईने तोंड दाबून धरलं. बाकी सगळे वाचले."

कपिलचा जबडा बरा व्हायला दोन महिने गेले. बोलता आल्यावर त्याने पहिलं हेच विचारलं, "मी एवढ्या हाका मारल्या. तू गप्प का बसलीस?"

तिने सगळं सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, देव जाणे.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. इरा. मी राहतो त्या एश्बॉर्न गावाहून तिला बघायला गेलो. बाळ रडू लागलं तशी ऊर्मिला धावली... आणि पाळण्यापाशी थबकली. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"दादा, तू घे तिला. लवकर! माझा हात... तिच्या तोंडाकडे जातो रे."

आताही फोनवर बोलताना मागे इराचं रडणं ऐकू येतं. त्याचं काही वाटत नाही.

ते मध्येच एकदम थांबलं, की माझ्या काळजात धस्स होतं...